खाणबंदीचे पैसे सोडण्याआधी माती उकरून पाहा : नागपूर जिल्ह्यातील उघड्या कोळसा खाणींबाबत खुले पत्र

प्रति,
मा. कोळसा नियंत्रक, कोळसा मंत्रालय, भारत सरकार
मा. अध्यक्ष तथा व्यवस्थापकीय संचालक, वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेड, कोल इस्टेट, सिव्हिल लाइन्स, नागपूर
मा. जिल्हाधिकारी, नागपूर

विषय : उमरेड व कामठी पट्ट्यातील उघड्या खाणींची टप्प्याटप्प्याने बंदी आणि जमिनीची दुरुस्ती

महोदय,

स. न. वि. वि.

उमरेड, मकरधोकडा, गोंडेगाव, भानेगाव, इंदर, सिंगोरी. या उघड्या खाणींचा कोळसा कधी ना कधी संपणारच आहे. संपल्यावर काय करायचे, याचा आराखडा २००९ च्या मार्गदर्शक सूचनांपासून सक्तीचा आहे आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात (काम होईपर्यंत हमी म्हणून अडकवून ठेवलेल्या खात्यात) पैसेही ठेवावे लागतात. २००९ मध्ये उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये हा दर होता, २०२० च्या सुधारित सूचनांनी तो ९ लाख केला. त्यातली काही रक्कम दर पाच वर्षांनी, झालेले काम तपासून, कंपनीला परत मिळते. आमचे म्हणणे या तपासणीबद्दल आहे. किती हेक्टर भरले, किती रोपे लावली आणि वरून किती हिरवे दिसते, यावर ती चालू नये. माती, उतार आणि पाणी जागेवर मोजून पैसे सुटावेत आणि ही कामे डंपर-डोझर खाणीत असतानाच करून घ्यावीत. यंत्रे गेली की ती परत आणून कोणी काम करत नाही.

कोल इंडियाची नियोजन संस्था सीएमपीडीआय मोठ्या खाणींची पाहणी उपग्रहावरून करते. वर्षाला कोळसा आणि ओबी (कोळशावरची काढून टाकावी लागणारी माती-दगड) मिळून ५० लाख घनमीटरपेक्षा जास्त काढणाऱ्या खाणींची दरवर्षी, त्याखालच्यांची तीन वर्षांनी. खोदकाम किती, भराव किती, लागवड किती, हे कळायला ती उत्तम आहे. पण उपग्रहाला वेडी बाभूळही हिरवी आणि तुरीचे शेतही हिरवेच. खाली माती वीतभर आहे की नुसता शेलचा (पापुद्री, ठिसूळ खडकाचा) चुरा, हे फावडे मारल्याशिवाय कळत नाही.

म्हणून सुरुवात वरच्या मातीपासून. उमरेडकडे कन्हार (खोल काळी माती) आहे, काही ठिकाणी मोरंड (तिच्याहून हलकी). तिचा वरचा ३० सेंटिमीटरचा थर हा पिकाच्या कामाचा. त्याखालची चुनखडीची पिवळसर माती वेगळी काढायची आणि वेगळी ठेवायची. दोन्ही एकाच बकेटमध्ये गेल्या की नंतर कोणत्याही खर्चाने वेगळ्या होत नाहीत. काढण्याचा हंगाम फेब्रुवारी ते मे. ओली कन्हार काढली तर चाकाखाली तिची रचना मोडते, वाळल्यावर ढेकळे दगडासारखी होतात आणि त्यात बी रुजत नाही. तरी माती काढणे कोळशाच्या वेळापत्रकावर ठरते, हंगामावर नाही. जुलैत बेंच (खोदकामाची पायरी) पुढे सरकवायची निकड आली की चिखलासकट सगळे ओबीच्या डंपावर (ढिगाऱ्यावर) जाते. पुढच्या पावसाळ्यात लागणारा पट्टा याच उन्हाळ्यात मोकळा करून ठेवणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

आता हिशेब. १०० हेक्टरवरून ३० सेंटिमीटर माती काढली तर ती ३ लाख घनमीटर होते. सैल झाल्यावर किमान पाचव्या हिश्श्याने फुगते, म्हणजे सुमारे ३ लाख ६० हजार. ढीग ३ मीटरपेक्षा उंच करायचा नाही, कारण आतल्या मातीला हवा मिळत नाही आणि मुळांशी राहणारी बुरशी व जिवाणू मरतात. म्हणजे नुसती माती ठेवायला १२ हेक्टर जागा हवी, बाजूचे उतार आणि रस्ते वेगळे. आराखड्यात ‘टॉपसॉइल स्टॅक’ म्हणून कोपऱ्यात एक छोटा चौकोन काढलेला असतो. त्या चौकोनाचे क्षेत्रफळ आणि मातीचे घनमीटर यांची सांगड घालून पाहिली, तरी अर्धी तपासणी कार्यालयात बसल्या बसल्या होईल. ढिगावर पहिल्याच पावसात ताग, धैंचा किंवा स्टायलो (चाऱ्याचे शेंगवर्गीय पीक) पेरावे, नाहीतर गाजरगवत ताबा घेते आणि पुढे मातीबरोबर त्याचे बीही सगळीकडे पसरते. सर्वांत चांगले म्हणजे ढीग करूच नये : पुढच्या पट्ट्यावरची माती काढायची आणि त्याच आठवड्यात मागे भरून तयार असलेल्या पट्ट्यावर पसरायची. त्यासाठी भराव खोदकामाच्या जवळून मागे मागे यायला हवा, म्हणजे खाणीचे नियोजनच तसे हवे.

पसरण्याआधी एक काम हमखास राहून जाते. भरावाचा माथा वर्षानुवर्षे डंपरच्या चाकाखाली दबलेला असतो. त्यावर माती टाकली तर पाणी त्या कडक थरावर अडते, मुळे आडवी पसरतात आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाडे वाऱ्याने उपटून पडतात किंवा उन्हाळ्यात वाळतात. म्हणून डोझरच्या रिपरने (मागच्या दातेरी नांगराने) ६० सेंटिमीटर खोल, एकदा उभे आणि एकदा आडवे फाडायचे, तेही भराव कोरडा असताना. मग कडेपासून माती टाकत हलक्या डोझरने पुढे ढकलायची. टाकलेल्या मातीवरून भरलेला डंपर फिरवायचा नाही. ३० सेंटिमीटर थराला हेक्टरी ३,००० घनमीटर बसलेली माती लागते, म्हणजे १० घनमीटरच्या टिप्परच्या सुमारे ३६० फेऱ्या. १०० हेक्टरला ३६ हजार. खाण चालू असताना हे रोजच्या फेऱ्यांत मिसळून जाते. खाण बंद झाल्यावर हाच स्वतंत्र निविदेचा विषय होतो आणि मग थर ३० वरून १० सेंटिमीटरवर येतो.

डंपाच्या उताराचे गणित तर त्याहून सरळ आहे, आणि तिथेच सर्वांत महाग चूक होते. खाण चालवतानाच्या नियमांनुसार ३० मीटरपेक्षा उंच डंपाला बेंच पाडायची, बेंच ३० मीटरच्या वर न्यायची नाही आणि एकूण उतार उभ्या १ ला आडवे १.५, म्हणजे जवळपास ३४ अंशांपर्यंत चालतो. पर्यावरण मंजुरीत बहुधा २८ अंशांची अट असते. ९० मीटर उंच डंपाचा उतार ३४ अंशांनी १३५ मीटर आडवी जागा घेतो, २८ अंशांनी १६९. हा ३४ मीटरचा पट्टा पहिल्या दिवशी राखला नाही, तर बंदीच्या वेळी तिथे नाला, रस्ता किंवा कोणाचे तरी शेत असते. मग डोंगर वरून कापून माल दुसरीकडे न्यावा लागतो, आणि ते कोणी करत नाही. गुरे चढतील, गवत कापता येईल असा १ ला ३ उतार हवा असेल तर २७० मीटर लागतात. कायम राहणाऱ्या बाहेरच्या डंपाचा पाया पहिल्यापासून बंदीच्या उताराला आखावा, खाण चालवण्याच्या उताराला नाही.

या डंपांवर दुसरी चूक पाणलोटाच्या कामांतून उचलून आणलेली दिसते : माथ्यावर सलग समतल चर. टेकडीवर ते चांगले, कारण खाली मुरूम किंवा खडक असतो. सैल टाकलेल्या ओबीवर चरात साचलेले पाणी भेगांतून आत जाते, आतली चिकणमाती भिजते आणि उतार बसतो. कधी आतून बोगदे पडतात आणि एका रात्रीत माणूस उभा मावेल एवढी घळ तयार होते. डंपाच्या माथ्याला आणि प्रत्येक बेंचला आतल्या बाजूला हलका उतार द्यायचा, पाणी आतल्या चरातून एकत्र करायचे आणि दगडी पिचिंगच्या रपट्याने (दगड बसवलेल्या उतरत्या नाल्याने) पायथ्याशी उतरवायचे. पाणी जिरवायचे ते खाली, पक्क्या जमिनीवर.

पायथ्याच्या गारलँड ड्रेनचे (डंपाभोवतीच्या चराचे) माप बहुतेक ठिकाणी पोकलेनची बकेट ठरवते, पाऊस ठरवत नाही. ५० हेक्टर उताराचे पाणी, ताशी ७५ मिलिमीटर पाऊस आणि ६० टक्के पाणी वाहून येते असे धरले तर सेकंदाला सव्वासहा घनमीटर येतात. मंजुरीच्या अटींतील ५० टक्के जादा क्षमता धरली तर नऊच्या वर. १ मीटर रुंद आणि १ मीटर खोल चर सेकंदाला दीड मीटर वेगाने भरून वाहिला तरी दीड घनमीटरच नेतो. उरलेले पाणी चर फोडून शेतात शिरते, आणि त्याबरोबर बारीक गाळ. धानाच्या बांधीत तो गाळ बसला की दोन-तीन हंगाम जातात. ताशी ७५ मिलिमीटर हा अतिरंजित आकडा वाटत असेल तर २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवावी. नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. चराच्या टोकाला गाळाची टाकी हवी, दोन कप्प्यांची, म्हणजे एक उपसताना दुसरी चालू राहते. उपसा मृग लागण्याआधी आणि पुन्हा एकदा ऑगस्टमध्ये. एकच टाकी असली की ती जुलैत भरते आणि पुढे नुसती शोभेची.

आगीबद्दल थोडक्यात पण ठामपणे. इथला कोळसा उघड्यावर राहिला तर आपोआप तापतो. डंपाच्या कडेवरून माल ओतला की मोठे दगड गडगडत पायथ्याशी जातात, त्यांच्या फटींतून हवा आत शिरते आणि वर काळा शेल किंवा कोळशाचा चुरा असेल तर धूर निघू लागतो. आतून धुमसणाऱ्या डंपावर लावलेले रोप पहिल्या उन्हाळ्यातच जाते, नावे मात्र पाण्याला ठेवली जातात. काळा शेल खड्ड्याच्या तळाशी जावा, थराथराने दाबावा आणि त्यावर चिकणमाती यावी. शेवटच्या हायवॉलमध्ये (खड्ड्याच्या उभ्या भिंतीत) उघडी राहिलेली कोळशाची पट्टीही मातीच्या जाड थराने झाकायला हवी. हिवाळ्यात पहाटे ड्रोनवरच्या थर्मल कॅमेऱ्याने एक फेरी मारली की तापलेल्या जागा स्वच्छ दिसतात. हा खर्च एका डंपरच्या टायरपेक्षा फार मोठा नाही.

लागवडीत आपला सगळा भर हेक्टरी २,५०० रोपांवर असतो. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० च्या आदेशात खाणीखालची जमीन पुन्हा गवताखाली आणून चारा, झाडे आणि प्राणी यांना योग्य करायला सांगितले आहे. आधी गवत, मग झाडे, हा क्रम निसर्गाचाही आहे. उतारावर मारवेल, पवन्या, अंजन गवत आणि त्यात स्टायलो हमाटा असे मिश्रण पेरावे. स्टायलोच्या बियांचे कवच कडक असते. ८० अंश तापलेल्या पाण्यात चारेक मिनिटे ठेवून सावलीत वाळवल्याशिवाय निम्मे बी त्या वर्षी उगवतच नाही. गवताचे बी हलके आणि केसाळ, वाऱ्याने उडते, म्हणून माती-शेणाच्या गोळ्या करून टाकायचे. जिथे पाणी एका रेषेत वाहते तिथे वाळ्याची ओळ, रोपे वितीपेक्षा जवळ. दोन पावसाळ्यांनी उतार धरला की मग झाडे : करंज, सिरस, शिसू, बांबू, सीताफळ, बोर, आवळा, पळस, हिवर. उथळ मातीवर सगळीकडे एकच झाड लावले, मग ती ऑस्ट्रेलियन बाभूळ असो की सुबाभूळ, तर आकडा लवकर भरतो, पण खाली गवतही उगवत नाही आणि गाई तिकडे फिरकत नाहीत.

यासाठी दूर जायला नको. नागपूरच्याच ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने गुमगाव येथील मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर साखर कारखान्याची मळी (प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ), मुळांवरची बुरशी आणि नत्र धरणारे जिवाणू वापरून नापीक डंपावर झाडे जगवून दाखवली आहेत. कोळशाच्या ओबीला तंतोतंत तेच प्रमाण चालेल असे नाही, पण खड्ड्यात सेंद्रिय खत आणि योग्य जिवाणू न घालता रोप लावण्याचा मोह तरी त्यातून सुटावा. आणि मोजणी लावलेल्या रोपांची नको, तिसऱ्या मे महिन्यात जिवंत असलेल्यांची हवी.

शेतीला द्यायच्या जमिनीचा क्रम वेगळा. भराव बसतो. ६० मीटर भराव नुसता २ टक्के बसला तरी जमीन १.२ मीटर खाली जाते, आणि सगळीकडे सारखी जात नाही. दोन-तीन पावसाळे गवताखाली ठेवून, मग शेवटचे सपाटीकरण, १ ते २ टक्के उतार, धुरे आणि पाणी काढायला वाट. घाईने सपाट केलेल्या शेतात खोलगट जागी पाणी तुंबते आणि तुरीची मुळे सडतात. पहिली दोन वर्षे ताग किंवा धैंचा गाडायचा, मग ज्वारी, तूर. सुरुवातीलाच पऱ्हाटी लावून उत्पन्नाचे आकडे मागू नयेत. जिथे सौर पॅनेल बसवायचे ठरले आहे, तिथे पायासाठी भराव बसलेला हवा, सुपीक माती नको. ती माती दुसऱ्या पट्ट्यावर न्यावी. कोळसाधारी क्षेत्र कायदा, १९५७ खाली घेतलेली जमीन कंपनीकडेच राहते आणि एप्रिल २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने तिचा कोळसा व ऊर्जा कामांसाठी वापर करण्याचे धोरणही मान्य केले. कुठला पट्टा कशासाठी, हे आधी ठरल्याशिवाय माती कुठे टाकायची हेच ठरत नाही.

राहिला शेवटचा खड्डा. ओबी उकरल्यावर फुगते, तरी बाहेरच्या डंपात गेलेला माल परत आणला नाही तर खड्डा राहणारच. त्यात भर म्हणून आता ओबीतून वाळू काढली जाते. नदीतली वाळू वाचते, ही चांगली गोष्ट आहे. पण जेवढी वाळू विकली तेवढा भराव कमी, आणि मागे उरतो तो बारीक चिकट गाळ. तो ओलाच भरावात ओतला तर आत चिखलाचे कप्पे राहतात आणि वरची जमीन कित्येक वर्षे धरत नाही. आराखड्यातील मालाच्या हिशेबात वाळूचा रकाना यायला हवा आणि गाळ वाळवूनच आत जावा.

पंप बंद झाले की पाणी वर येते. आजूबाजूच्या आटलेल्या विहिरींना ते हवेच आहे. पण नागपूरकडे उघड्या पाण्याचे वर्षाचे बाष्पीभवन पावसापेक्षा जास्त असते, त्यामुळे बाहेर वाट नसलेल्या तळ्यात क्षार साठत जातात. खोल तळ्याचे वरचे पाणी स्वच्छ आणि तळाचे प्राणवायू नसलेले असू शकते, म्हणून नमुना वरून बाटली बुडवून न घेता वर, मध्ये आणि तळाशी घ्यावा. कडेची रचना सर्वांत महत्त्वाची. पाण्याची शेवटची पातळी जिथे येणार, त्याच्या वर-खाली काही मीटर उतार १ ला ४ असा सौम्य करायचा. तसे न केल्यास उभ्या बेंचच्या कडेला पहिले पाऊल थेट दहा मीटर पाण्यात पडते. दरवर्षी पोरे आणि गुरे बुडतात ती अशाच जागी. एक हॉल रोड (खाणीतला डंपरचा रस्ता) घाट म्हणून राखावा, गुरांना पाण्यावर जायला आणि बचावाची गाडी उतरायला. पाणी चढल्यावर हे काम करता येत नाही.

कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांची राख या खड्ड्यांत टाकण्याचा विषय पुन्हा पुन्हा निघतो. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनंतर वीज केंद्रांना सगळी राख वापरात आणायची आहे आणि खाणी भरणे हा त्यातला मान्य मार्ग आहे. आमचा सरसकट विरोध नाही. मात्र कामठी पट्ट्यात खड्ड्याच्या भिंती कामठी वालुकाश्माच्या आहेत. हा आपल्या जिल्ह्यातला पाणी धरणारा चांगला खडक आहे, आणि शेजारून कन्हान वाहते, जिचे पाणी नागपूर पिते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला तेव्हा राख कुठे पोहोचली, हे शहराने पाहिले. भूजलाच्या शेवटच्या पातळीखाली राख जाऊ नये. वर टाकायची तर आधी खड्ड्याभोवती निरीक्षण विहिरी, एक पूर्ण वर्ष बोरॉन, आर्सेनिक, सेलेनियम, सल्फेटची मोजणी, आणि मगच पहिला टँकर.

नदीकाठच्या पूर-बंधाऱ्यांकडेही लक्ष वेधतो. खाण चालू असताना त्यांची देखभाल खाण व्यवस्थापन करते. बंद झाल्यावर तो बंधारा कोणाचा? पाटबंधारे विभागाच्या यादीत तो नसतो, ग्रामपंचायतीची ताकद नसते. उंदीर, खेकडे, झाडांची मुळे यांनी पोखरलेला बंधारा एका पुरात तुटला तर नदी सरळ खड्ड्यात वळते. अंतिम बंदीच्या प्रमाणपत्राआधी तो लेखी स्वरूपात कोणाकडे तरी सोपवलेला असावा, देखभालीच्या पैशांसह.

आमची मागणी मोठी नाही. पाच वर्षांच्या प्रत्येक तपासणीत भरलेल्या जमिनीवर दर दोन हेक्टरला एक खड्डा ६० सेंटिमीटर खणावा आणि त्यात मातीचा थर, सामू, क्षार, सेंद्रिय कर्ब नोंदवावा. सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याखाली किंवा थर २५ सेंटिमीटरखाली असेल तर त्या दोन हेक्टरांचे पैसे थांबावेत, बाकीचे सुटावेत. प्रत्येक खाणीत मातीची वही असावी : कोणत्या पट्ट्यातून किती घनमीटर काढली, कुठे ठेवली, कधी, कुठे पसरली. डंपाचा उतार ड्रोनच्या सर्व्हेने मोजावा, नकाशावरच्या रेषेने नव्हे. अंतिम आराखडा बंदीच्या पाच वर्षे आधी हवा, हे सूचनांतच आहे. तो आला की लगतच्या गावांत मराठीत, नकाशासह लावावा आणि ग्रामसभेत त्यावर चर्चा व्हावी. निरीक्षण विहिरी आणि गाळाच्या टाक्यांचे आकडे दर तीन महिन्यांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर यावेत.

पुढच्या पावसाळ्याआधी यातील निदान दोन गोष्टी सुरू होऊ शकतात : मातीची वही आणि गारलँड ड्रेनच्या मापांची फेरतपासणी. दोन्हीला नवीन नियम लागत नाही, खाण व्यवस्थापकाच्या सहीचे पत्र पुरते. उताराची गणिते, खड्ड्यांच्या नोंदीचा नमुना आणि वहीचा तक्ता आम्ही तयार करून देऊ. बैठकीसाठी आपण सांगाल त्या दिवशी, सांगाल त्या खाणीवर येऊ.

आपले विश्वासू,
खाणकाम, भूजल आणि मृदसंधारण या कामांतले काही तंत्रज्ञ
नागपूर